वन-पीस की टू-पीस?

गेल्या शनिवारी आमच्या केबिन रोडवरच्या टेलरमास्तरांच्या हातात मी एक वेटसूट ठेवला. त्यांनी तो ताणून बघितला, उलटा केला, नाकाजवळ नेला आणि विचारलं, "रबर आहे का हो हे?"

"हो."

"आणि हे घालून पोहायचं?"

"हो."

"मग माझ्याकडे कशाला आणलंत? कोपऱ्यावर सायकलवाला बसतो, तो पंक्चर काढून देईल."

विनोद करून झाल्यावर मात्र त्यांनी गळ्यातली टेप काढली. मला हवं होतं ते माप जरा विचित्र होतं. एका खांद्यावरून निघायचं, छातीवरून खाली, दोन पायांमधून मागे आणि पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यावर. दुकानात दोन बायका ब्लाउज न्यायला आल्या होत्या, त्यांच्यासमोर हा कार्यक्रम पार पडला. असो. मास्तरांनी छाती, पोट, मांड्या, पायाची लांबी असं सगळं एका जुन्या बिलाच्या मागे लिहिलं. आकड्यांकडे बघत म्हणाले, "तुमचं धड उंच माणसाचं आहे आणि पाय बुटक्याचे." (हे इतक्या सहज सांगितलं की रागसुद्धा आला नाही.) "तुम्हाला बॉयलर सूट कधीच नीट बसणार नाही. सरळ पँट-शर्ट घाला."

मास्तरांना ट्रायथलॉन म्हणजे काय ते माहीत नाही. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, आणि हे सगळं पैसे भरून करायचं, एवढं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं होतं. पण ज्या प्रश्नावर मी दोन महिने रात्री जागून वाचत होतो, त्याचं उत्तर त्यांनी पाच मिनिटांत देऊन टाकलं. वेटसूट एकसलग घ्यायचा की दोन तुकड्यांचा? हा वाद वाटतो तितका नवीन नाही. वाचता वाचता मला असं दिसलं की पोहण्याच्या कपड्यांचा शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे कमरेपाशी कापायचं की शिवायचं यावरचीच भांडाभांडी आहे.

मुळात भाईंदरच्या माणसाला वेटसूट लागतोच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तनचा समुद्र, मधे मिठागरं. इथला समुद्र कडाक्याच्या (म्हणजे आपल्याकडच्या 'कडाक्याच्या') थंडीतही साधारण २४ अंशांच्या आसपास असतो आणि मे महिन्यात ३० ला टेकतो. या पाण्यात वेटसूट घालणं म्हणजे मे महिन्यात दुपारी गोधडी पांघरून विरार लोकलमध्ये चढणं. आपल्या कोळी बांधवांचा जुना पोशाख आठवून बघा. कमरेला त्रिकोणी बांधलेला रुमाल, म्हणजे सुरका, वर सदरा, डोक्याला टोपी. खाली भिजलं तरी पाण्याचं ओझं नाही, वर उन्हापासून आडोसा. इथल्या पाण्यासाठी याहून शहाणा टू-पीस मला माहीत नाही.

स्पर्धेचे नियमही हेच सांगतात. आयर्नमॅन स्पर्धांमध्ये पाणी २४.५ अंशांपेक्षा गरम असेल तर बक्षिसाच्या शर्यतीत वेटसूट चालत नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात मिरामारला आयर्नमॅन ७०.३ पहिल्यांदा झाली, तेव्हा १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं होतं; वेटसूटचा प्रश्नच नव्हता. कपडा आवडो न आवडो, थर्मामीटरपुढे कोणाचं चालत नाही.

याचा परिणाम असा की आपल्याकडचा माणूस वर्षभर साध्या कॉस्च्युममध्ये सराव करतो आणि आयुष्यातला पहिला वेटसूट परदेशात, स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी, भाड्याने घेऊन घालतो. मीही तसंच केलं. दोन वर्षांपूर्वी ऑनसाइट होतो झुरिकला. जूनच्या सुरुवातीला तिथे एका छोट्या स्पर्धेत नाव घातलं. सूट भाड्याचा, वन-पीस. उंचीप्रमाणे बघितलं तर माझा साइज मीडियम, पोटाप्रमाणे लार्ज. मीडियम घेतला, कारण सगळे म्हणत होते घट्टच बरा. तळ्याचं पाणी १७ अंश.

शिट्टी झाली, आम्ही शे-दीडशे जण पाण्यात शिरलो, आणि साधारण शंभर मीटरवर माझा श्वास बंद झाला. म्हणजे खरोखर बंद नव्हता झाला, पण छातीवर कोणीतरी बसलंय आणि गळ्याभोवती हात आवळलाय असं वाटायला लागलं. थंड पाण्यात पहिली दोन-तीन मिनिटं शरीर आपोआप धापा टाकतं, हे मी वाचलं होतं. पण प्रत्येक धाप घ्यायला गेलो की सूट खांदे खाली ओढायचा आणि गळा आणखी आवळायचा. सूटची लांबी माझ्या धडाला कमी पडत होती ना! दोन्ही टोकांनी ताणलेला रबर होता तो. मी उताणा झालो, हात वर केला, आणि कयाकवरच्या एका मुलीने मला तिची नाव धरून ठेवायला दिली. दहा मिनिटांनी काठावर. बायको पुलावर कॅमेरा घेऊन माझ्या फिनिशची वाट बघत उभी होती.

नंतर एक आकडा वाचनात आला आणि पाय गार पडले. अमेरिकेत २००६ ते २००८ या काळात तिथल्या ट्रायथलॉन संघटनेच्या मान्यताप्राप्त स्पर्धांमध्ये १४ मृत्यू झाले, त्यातले १३ पोहताना. सहभागी जवळजवळ साडेनऊ लाख, म्हणजे प्रमाण तसं अगदी कमी. आणि हे मृत्यू वेटसूटमुळे झाले असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पण सायकलवर गाडीखाली येण्याची भीती बाळगणाऱ्या माझ्यासारख्याला कळलं की भीती चुकीच्या ठिकाणी ठेवली होती.

म्हणून या वेळी, पुन्हा एका थंड पाण्याच्या स्पर्धेत नाव घालण्याआधी, मी कपड्याचा इतिहास वाचायला घेतला. (इंजिनियरला भीती वाटली की तो डॉक्युमेंटेशन वाचतो.)

सुरुवात करू या ॲनेट केलरमनपासून. ऑस्ट्रेलियाची पोहणारी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांनी पोहायचं म्हणजे झगा, खाली विजार, मोजे असा सगळा संसार अंगावर घेऊन पाण्यात उतरायचं. लंडनमध्ये राजघराण्यातल्या पाहुण्यांसमोर पोहून दाखवायचं ठरलं, तर उघडे पाय चालणार नाहीत असं तिला सांगण्यात आलं. तिने काय केलं, पोहण्याच्या आखूड सूटला लांब काळे मोजे शिवून टाकले. झाला वन-पीस! पुढे १९०७ मध्ये बॉस्टनजवळच्या किनाऱ्यावर या सूटपायी आपल्याला अटक झाली, असं ती सांगत असे.

म्हणजे वन-पीस जन्माला आला तो दोन तुकडे जोडून, आणि तोही पोहणं सोपं व्हावं आणि लोकांची तोंडंही बंद राहावीत म्हणून.

त्यानंतर वीस वर्षांनी उलटं घडलं. अमेरिकेची गर्ट्रूड एडर्ली इंग्लिश खाडी पोहायला निघाली होती. १९२५ चा पहिला प्रयत्न फसला. त्या काळचा एकसलग सूट पाणी पिऊन जड व्हायचा, फुगायचा, तास न् तास अंगाला घासून सालपटं काढायचा. दुसऱ्या प्रयत्नासाठी तिने आणि तिची बहीण मार्गारेट हिने मिळून दोन तुकड्यांचा सूट बनवला. गॉगलच्या कडा पाणी शिरू नये म्हणून वितळलेल्या मेणाने बंद केल्या. अंगाला चरबी फासली. ६ ऑगस्ट १९२६ ला ती साडेचौदा तासांत पलीकडे पोचली. खाडी पोहणारी पहिली बाई, आणि तोपर्यंतच्या सगळ्यात वेगवान पुरुषापेक्षा जवळजवळ दोन तास आधी. बिकिनीला अजून वीस वर्षं अवकाश होता.

मला या दोघींमध्ये गंमत वाटते ती ही की एकीने शिवलं, दुसरीने कापलं, आणि दोघी बरोबर होत्या. एकीला थोडा वेळ पोहून दाखवायचं होतं, दुसरीला दिवसभर पोहायचं होतं.

इंग्लिश खाडीचं नाव निघालं की मराठी माणसाला आपली माणसं आठवतात. मिहिर सेन १९५८ मध्ये गेले, आरती साहा १९५९ मध्ये. ते दोघं बंगालचे. पण मुंबईचे तारानाथ शेणॉय, ज्यांना ऐकू येत नव्हतं आणि दिसायचंही कमी, ते १९८३ मध्ये पोहून गेले. १९९४ मध्ये मुंबईचीच रूपाली रेपाळे गेली, तेव्हा ती १२ वर्षांची होती. बारा! माझी मजल बाराव्या वर्षी बादलीपर्यंत होती. आणि पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून जगातल्या सात अवघड खाड्यांचा संच पूर्ण केला, असं करणारे ते पहिले आशियाई. त्या सातांत आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या मधली नॉर्थ चॅनेलही येते. तिथलं पाणी १२-१४ अंशांचं, वर जेलीफिश.

यांच्यापैकी कोणीही वेटसूट घातला नव्हता. चालतच नाही. त्या परंपरेत एक साधा कॉस्च्युम, एक टोपी, गॉगल आणि अंगाला चोपडलेलं ग्रीस, बस्स. १८७५ मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब पहिल्यांदा पोहून गेला तो शिंशुमाराचं तेल फासून. नियमाचा गाभा अजून त्याच्याच काळातला आहे. म्हणजे बघा, आपल्याकडे समुद्र कोमट म्हणून वेटसूट नाही, आणि आपली माणसं जिथे थंड पाण्यात उतरली तिथे नियम म्हणून वेटसूट नाही. आपल्या पोहण्याच्या इतिहासाने हा कपडा चक्क ओलांडलाच. त्यामुळे घरात वडीलधाऱ्या माणसाला विचारावं, काका घट्ट घेऊ की सैल, अशी सोयच नाही.

तर हा कपडा आला कुठून? ह्यू ब्रॅडनर नावाचा भौतिकशास्त्रज्ञ होता. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पावर लॉस अलामोसला काम केलेला, नंतर बर्कलीला. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांना, म्हणजे पाण्याखाली काम करणाऱ्या माणसांना, थंडीपासून कसं वाचवायचं यावर तो १९५१ च्या सुमारास विचार करत होता. तोवर सगळ्यांची धडपड माणसाला कोरडं ठेवण्याची. ड्रायसूट फाटला की आत पाणी, आणि मग संपलंच. ब्रॅडनरच्या डोक्यात आलं की कोरडं राहायची गरजच काय? भिजू दे की! उष्णता अडवायचं काम कपड्याने केलं म्हणजे झालं. त्यासाठी माल होता निओप्रीनचा फेस. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपाँ कंपनीत १९३० मध्येच सापडलेलं. त्याच्या फेसात बारीक बारीक बंद बुडबुडे असतात, नवीन मोबाइलच्या खोक्यात येणारा बबल रॅप असतो तसे, फक्त डोळ्यांना न दिसणारे.

इथे एक गैरसमज आहे जो मीही बरीच वर्षं बाळगला. लोक म्हणतात, वेटसूटच्या आत पाण्याचा पातळ थर जातो, तो अंगाने गरम होतो आणि मग तो थर आपल्याला ऊब देतो. तसं नाही. ऊब राखतात ते बुडबुड्यांमधले वायू. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट जोरात उष्णता वाहून नेतं. आत शिरलेलं पाणी जितकं कमी आणि जितकं स्थिर, तितकं बरं. ते सारखं बदलत राहिलं तर तुम्ही समुद्रच गरम करत बसाल. गच्चीवरच्या टाकीचं पाणी गीझरने तापवावं आणि खाली नळ उघडा ठेवावा, तसं.

ब्रॅडनरने यावर पैसे कमावले नाहीत. नौदलालाही आधी शंका होती की सूटमधल्या वायूमुळे पाणबुडे सोनारवर उठून दिसतील. ब्रॅडनर २००८ मध्ये वारला. पैसा आणि नाव मिळालं ते किनाऱ्यावरच्या सर्फिंगवाल्यांना. जॅक ओनीलने १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला सर्फचं दुकान टाकलं. प्रदर्शनांमध्ये तो स्वतःच्या पोरांना वेटसूट घालून बर्फाच्या पाण्यात बसवायचा, लोकांना पटावं म्हणून. (आपल्याकडे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याची चर्चा महिनाभर चालली असती.) आत कायम उन्हाळा, अशा अर्थाची त्याची जाहिरात होती. भाईंदरला ती चालली नसती, इथे बाहेरही उन्हाळाच असतो. दक्षिणेकडे रेडोंडो बीचला मायस्ट्रेल बंधूंनी हातमोज्यासारखा बसणारा सूट म्हणून बॉडी ग्लव्ह काढला.

सुरुवातीच्या काळात डायव्हिंगचे सूट बहुतेक टू-पीस असत. वर जॅकेट, खाली उंच कमरेची पँट, कधी खांद्यापर्यंत येणारी, शेतकऱ्याच्या डंगरीसारखी. जॅकेटला मागे एक शेपूट, ती पायांमधून पुढे घेऊन बटणांनी अडकवायची. लंगोटाचाच प्रकार म्हणा ना! त्यामुळे जॅकेट वर सरकायचं नाही. धडावर दोन थर, म्हणून ऊब जास्त. शिवाय तेव्हाचं रबर आतून उघडं, अस्तर नाही, अंगाला चिकटायचं. टाल्कम पावडर फासल्याशिवाय हात आत जायचा नाही. एकसलग कपडा असा चढवणं म्हणजे शिक्षाच, दोन तुकडे जरा तरी जमायचे. पुढे आतून नायलॉनचं अस्तर आलं, मग चेन सुधारल्या, शिवण सुधारली आणि एकसलग सूट सोपा झाला.

आता ट्रायथलॉन. या खेळाची सगळ्यात प्रसिद्ध स्पर्धा, हवाईची आयर्नमॅन, १८ फेब्रुवारी १९७८ ला झाली. १५ जण निघाले, १२ जणांनी पूर्ण केली. पण पोहणं होतं वायकिकीच्या कोमट समुद्रात, म्हणजे आपल्यासारखंच. खेळ थंड पाण्याकडे गेला तेव्हा पंचाईत झाली. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अल्काट्राझच्या तुरुंगापासून किनाऱ्यापर्यंत पोहण्याची ट्रायथलॉन सुरू झाली. लोक काय घालणार? सर्फिंगचे, डायव्हिंगचे, मिळतील ते सूट. आणि इथे मोठा फरक आहे. पाणबुड्या हळूहळू पाय मारत जातो, हात जवळजवळ स्वस्थ. फ्रीस्टाइल पोहणारा दर सेकंदाला हात डोक्यावरून पुढे फेकतो, धड डावी-उजवीकडे वळवतो. अशा वेळी डायव्हिंगचं जॅकेट कमरेतून वर सरकतं, फट पडते, दर हाताला गार पाण्याचा एक घोट आत. टू-पीसची बदनामी झाली ती इथेच. कमरेचा पंप.

१९८७ मध्ये डॅन एम्पफील्ड या ट्रायथलीटने क्विंताना रू नावाची कंपनी काढली आणि खास ट्रायथलॉनचा वेटसूट बनवला. एकसलग, खांद्यांत पातळ, बाहेरून गुळगुळीत. मुख्य म्हणजे त्याने ओळखलं की या कपड्याचं खरं काम ऊब देणं नाही, तरंगवणं आहे. आमच्यासारख्यांचे पाय पाण्यात बुडतात. (तलावावरचे सर माझ्या पोहण्याला 'तिरका डोंगर' म्हणतात.) रबरातले बुडबुडे पाय वर उचलतात, शरीर आडवं होतं, पाण्याचा विरोध कमी होतो. १९८९ मधल्या एका डच अभ्यासात ट्रायथलॉनच्या सूटमुळे हा विरोध साधारण १४ टक्के कमी झालेला दिसला. म्हणजे थंडीचा कपडा बघता बघता वेगाचं साधन झाला, आणि मग अर्थातच नियम आले. किती अंशांना चालेल, किती जाड चालेल.

या टप्प्यावर वन-पीस जिंकला. दुकानात एकच माल ठेवायचा, गिऱ्हाइकाची उंची आणि वजन विचारायचं, तक्त्यात बोट ठेवायचं, झालं. पण हा तक्ता कोणाच्या मापाने बनलाय? वजन-उंचीच्या तक्त्याला माणसाचं धड लांब की पाय लांब हे कळतच नाही. रेडिमेड पँट घेतली की पाय दुमडून शिवतो आपण, शर्ट घेतला की बाह्या. पण मान, खांदे, धड, जांघ, घोटा सगळं एकाच तुकड्यात असेल तर एका जागी कमी पडलेले दोन इंच दुसऱ्या जागी फास बनतात. माझ्या बाबतीत गळ्याशी.

म्हणूनच सॅन दिएगोच्या एमिलिओ डी सोटोची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हा स्वतः व्यावसायिक ट्रायथलीट होता. सगळा बाजार वन-पीसकडे असताना याने टी-वन नावाचा दोन तुकड्यांचा सूट काढला. खाली खांद्यापर्यंत येणारी डंगरी, वर डोक्यातून घालायचा बाह्यांचा शर्ट. दोन्ही वेगवेगळ्या मापांचे घेता येतात. जुन्या डायव्हिंगच्या सूटचाच ढाचा, पण मऊ आणि ताणला जाणारा माल, आणि शर्ट डंगरीवर चांगला खालपर्यंत येतो, त्यामुळे पंप बराचसा बंद. खांदे आणि पाय एकमेकांना बांधलेले नाहीत, त्यामुळे हात वर नेला तर ओढ जांघेपर्यंत पोचत नाही. त्याने पुढे दहा-दहा मिलिमीटर जाडीचे सूटही आणले, अक्षरशः तराफे. शेवटी जाडीला ५ मिलिमीटरची मर्यादा आली आणि तो प्रकार स्पर्धेतून गेला. दोन तुकड्यांना मात्र कोणी हरकत घेतली नाही.

मग सगळे टू-पीस का घेत नाहीत? कारणं खोटी नाहीत. घालायला दोन गोष्टी, काढायलाही दोन. पाण्यातून पळत बाहेर आल्यावर वन-पीसची चेन खाली ओढायची, कमरेपर्यंत सोलायचं आणि सायकलपाशी पाय झटकायचे. टू-पीसचा शर्ट डोक्यावरून काढावा लागतो. ओल्या रबरात, दमलेल्या हातांनी, क्षणभर डोकं आत अडकतं आणि अंधार होतो. श्वासाची भीती बसलेल्या माणसाला तो क्षण काही गंमतीचा नाही. शिवाय कमरेपाशी कितीही झाकलं तरी थोडं पाणी शिरतंच. ज्याचं शरीर तक्त्यात बसतं, त्याने सरळ वन-पीस घ्यावा, माझं काही म्हणणं नाही. ऑफिसमधला माझा एक मित्र, सहा फूट, सडपातळ, त्याला वन-पीस असा बसतो की बघत राहावं. मास्तरांना दाखवायला नेलेला सूट त्याचाच.

तो मी आधी घरी घालून बघितला होता. रविवारी सकाळी, बेडरूममध्ये, पंखा पाचवर. पायात प्लास्टिकची पिशवी घालून मग पाय आत सारायचा, म्हणजे सरकतो, ही युक्ती खरी आहे. चढवायला पंचवीस मिनिटं लागली. मग चेन लावायला बायकोला हाक मारली. तिने गुडघा माझ्या पाठीला लावून, पूर्वी बेडिंग बांधायचे तशी ती ओढली.

"बोल काहीतरी," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. पूर्ण वाक्य बोल."

मला पूर्ण वाक्य एका श्वासात बोलता येईना. तिने काही न बोलता चेन खाली केली. मग म्हणाली, "त्या दिवशी पुलावरून मला दिसत होतास तू. हात वर केला होतास ना, मला वाटलं मला बघून करतोयस. मी पण हात केला."

हे तिने दोन वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. मग आम्ही दोघं जरा वेळ तसेच बसलो, मी अर्धा रबरात.

शनिवारी मास्तरांकडे जायचं ठरलं ते यामुळे. त्यांनी लिहून दिलेल्या आकड्यांप्रमाणे मला वर लार्ज लागतो आणि खाली मीडियम, तेही पाय उरतील असा. वन-पीसमध्ये हा माणूस कुठेच मिळत नाही. टू-पीस मागवलाय, मेव्हणा दिवाळीत येताना आणेल. आल्यावर उत्तनच्या बाजूला, ओहोटी बघून, सोबतीला कोणाला तरी घेऊन, पहाटेच्या त्यातल्या त्यात गार पाण्यात दहा मिनिटं पोहून बघणार आहे. शिजेन, पण श्वास पुरतो का ते कळेल. पूर्ण वाक्य आधी जमिनीवर, मग पाण्यात.

मास्तरांना पैसे विचारले तर घेईनात. म्हणाले, माप घ्यायचे कसले पैसे. मग जरा थांबून म्हणाले, "पण ती पँट आली की इकडे आणा. पायात दोन इंच जास्त होणार बघा."

मी सांगितलं की वेटसूटचा पाय खालून कात्रीने कापला तरी चालतो, लोक कापतात, दुमड घालावी लागत नाही.

"दुमड नाही?" मास्तरांना ते काही पटलं नाही. "आणा तर खरं. आपण बघू."